टर्नटेबलच्या खाली काय?

गिरगावातल्या आमच्या चाळीची जमीन फळ्यांची आहे. शेजारच्या काकू खलबत्त्यात लसूण ठेचायला बसल्या की माझ्या स्पीकरचा पडदा आवाज न करता आतबाहेर हलतो. कुमार गंधर्वांच्या गाण्यात तानपुरा एकटाच वाजत असतो, तेव्हा कुणी जिना चढलं तर प्रत्येक पाऊल धप्प धप्प ऐकू येतं.

यात सुईचा दोष नाही. एलपीची खाच जेमतेम केसाएवढी रुंद, आणि हलक्या सुरांसाठी तिच्या भिंतीत कोरलेली वळणं एका मायक्रॉनहूनही बारीक. एवढं टिपणारी सुई जमिनीची थरथर टिपणारच. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, म्हणजे खाचा आवाक्यात राहतात. वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर तो परत चढवतो. २० हर्ट्‌झपाशी मधल्या सुरांच्या मानानं जवळजवळ नऊपट. पावलांचे हादरे याच तळाचे, त्यामुळे तेही फुकटात चढतात.

यावर उपाय म्हणून मेपलचे जाड ठोकळे विकले जातात. खाटकाकडच्या मांस तोडायच्या ठोकळ्याच्याच घडणीचे, पण किंमत अशी की आमचे सुतार नुसते हसले. लाकडाचा गुण खोटा नाही. त्यात कंप लवकर मरतो. काचेचं किंवा पत्र्याचं टेबल किणकिणत राहतं, तसं ते राहत नाही. मात्र जिन्यावरचं पाऊल नुसत्या लाकडानं अडत नाही. त्यासाठी वजन लागतं आणि वजनाखाली लवचीक पाय.

पाय किती दबतो, यावर सगळं आहे. भारानं १ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग सुमारे १६ हर्ट्‌झला डोलते, २५ मिलिमीटर दबणारी ३ हर्ट्‌झच्या जरा वर. त्या आकड्याच्या साधारण दीडपटीपुढचे हादरे ती अडवते. त्या आकड्यापाशी मात्र उलट वाढवते! सुई आणि आर्म मिळून बहुधा ८ ते १२ हर्ट्‌झला डोलतात. पायही तिथेच डोलणारे निघाले, तर पैसे देऊन दुखणं विकत घेतलं म्हणायचं.

एडगर विल्चर यांनी १९६१च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅकॉस्टिक रिसर्चच्या टर्नटेबलमध्ये तबकडी आणि आर्म एकाच सांगाड्यावर बसवले आणि तो सांगाडा स्प्रिंगांवर तोलला. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचं १९७२चं एलपी१२ त्याच वाटेनं गेलं. असं यंत्र मऊ पायांच्या फळीवर ठेवलं तर डोलण्यावर डोलणं होतं. त्याला हलकं, ताठ टेबल बरं.

मी वेगळाच मार्ग धरला. बाहेरच्या जाड विटांच्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून घेतले आणि त्यांवर जुन्या दाराची सागवानी फळी टाकली, पाणसळ लावून. भिंतीवरून कोणी चालत नाही. तानपुरा आता निवांत वाजतो. फळीचं श्रेय किती आणि भिंतीचं किती, असं विचाराल तर मी भिंतीला बारा आणे देईन.

तुमच्याकडे फळी हवी का, हे घरच्या घरी कळतं. तबकडी थांबलेली असताना सुई तिच्यावर टेकवा, आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि टेबलावर बोटानं हलकेच टकटक करा. मग शेजारून चालून बघा. स्पीकरमधून धप्प आलं, तर आधी भिंत शोधा. काहीच आलं नाही, तर ते पैसे नव्या सुईवर घाला.