भूमिगत पेट्रोलियम प्रदूषणाची तपासणी

भूमिगत पेट्रोलियम प्रदूषणाची तपासणी म्हणजे जमिनीत मुरलेले पेट्रोल, डिझेल किंवा अन्य खनिज तेल किती आहे व कोठवर पसरले आहे, हे मातीचे नमुने घेऊन आणि विंधन करून ठरवण्याची प्रक्रिया होय. पेट्रोल पंपांच्या भूमिगत टाक्या, त्यांच्या नळ्या, तेलाचे डेपो आणि टँकरचे अपघात ही अशा प्रदूषणाची प्रमुख उगमस्थाने आहेत. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यासारख्या बेसॉल्ट खडकाच्या प्रदेशात केवळ मातीची तपासणी पुरेशी ठरत नाही. कारण तेथे पाणी, आणि त्याबरोबर तेलही, मुख्यतः खडकातील भेगांमधून वाहते.

महत्त्व

बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. १९७२, २०१२–१३ आणि २०१५–१६ च्या दुष्काळांची तीव्र झळ त्याला बसली. पिण्याचे पाणी आणि शेती या दोहोंसाठी तेथील असंख्य गावे विहिरी व विंधन विहिरींवर अवलंबून असल्याने एखादी विहीर निकामी होणे ही गंभीर हानी ठरते.

पेट्रोलमधील बेंझिन हा कर्करोगकारक घटक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा प्रति लिटर ०.०१ मिलिग्रॅम सुचवली आहे. भारतातील पेट्रोलमध्ये बेंझिन आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. या प्रमाणाने १ लिटर पेट्रोलमध्ये ८ ग्रॅमहून अधिक बेंझिन असते आणि ते पूर्ण विरघळल्यास सुमारे ८ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत पोहोचू शकते. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड व जीवाणू यांसाठी होणाऱ्या नेहमीच्या पाणी-तपासणीत बेंझिन आढळून येत नाही. त्यासाठी स्वतंत्र परीक्षण करावे लागते.

बीड जिल्ह्याचा भूस्तर

जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या लाव्हाथरांनी बनलेला आहे. उत्तर सीमेवर गोदावरीच्या काठाने गाळाची जमीन आढळते, तर बालाघाटच्या डोंगराळ भागात मातीचा थर पातळ असतो. सामान्यतः वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण पाषाण असा क्रम दिसतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. या हालचालीचा ताण गाडलेल्या नळ्यांच्या जोडांवर येतो, तसेच सांडलेले तेल भेगांवाटे मुरमापर्यंत लवकर पोहोचू शकते. मुरूम आणि भेगाळ बेसॉल्ट हेच उथळ विहिरींचेही जलस्रोत असतात.

मातीचे नमुने

प्रथम टाक्यांच्या जागा, साठ्याच्या नोंदींतील तूट, जमिनीचा उतार आणि परिसरातील विहिरी यांचा नकाशा तयार केला जातो. त्यानंतर हाताने किंवा यंत्राने फिरवायच्या गिरमिटाने ठरावीक खोलीवर नमुने घेतात. प्रदूषण नसलेल्या जवळच्या जागेतील नमुना तुलनेसाठी आवश्यक असतो.

पेट्रोलचे घटक हवेत झपाट्याने उडून जातात. म्हणून नमुना उघड्यावर पसरून वाळवत नाहीत किंवा एकत्र कालवत नाहीत. शेतीसाठीच्या माती परीक्षणाहून ही पद्धत येथे वेगळी ठरते. माती लगेच लहान काचेच्या कुपीत भरून, बहुधा मिथेनॉलमध्ये बुडवून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. वाफमापक उपकरणाने जागेवरच प्राथमिक अंदाज घेता येतो.

खडकातील विंधन

पाण्यासाठी बोअर घेणारी गाडी हवेच्या मोठ्या दाबाने खडक फोडते. प्रदूषणाच्या तपासणीत या पद्धतीचे दोष संभवतात. हवेच्या झोतात बाष्पनशील घटक उडून जातात आणि कॉम्प्रेसरचे वंगणतेल नमुन्यात मिसळू शकते. अधिक गंभीर धोका म्हणजे मुरमात साचलेले तेल नव्या छिद्रातून खालच्या स्वच्छ जलधर भेगांत उतरणे. त्यामुळे आधी मुरमाच्या थरापर्यंत केसिंग पाइप बसवून त्याच्या बाहेरील पोकळी बेंटोनाइट आणि सिमेंटने बंद करतात. त्यानंतरच पाषाणात लहान व्यासाचे विंधन केले जाते. काम संपल्यावर निरुपयोगी छिद्रेही तळापासून वरपर्यंत बुजवावी लागतात.

निरीक्षण विहिरी

भूजलाच्या उताराची दिशा ठरवण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान ३ निरीक्षण विहिरी लागतात. पेट्रोल व डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाण्यावर तरंगतात. म्हणून विहिरीच्या नळीचा छिद्रयुक्त भाग पाणीपातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे ठेवला जातो. पातळी उन्हाळ्यात खालावते व पावसाळ्यात चढते. तिच्यासोबत तेलही वरखाली होऊन खडकाला चिकटते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी व नंतर, दोन्ही वेळी मोजणी करणे आवश्यक असते. बेसॉल्टमध्ये जवळची विहीर स्वच्छ आणि भेगेने जोडलेली दूरची विहीर दूषित, असेही घडू शकते. यामुळे केवळ अंतरावरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढता येत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने विहिरीच्या तळाशी साचते व ठिणगीने पेट घेऊ शकते. अशा विहिरीत माणूस उतरवणे किंवा वायूची मोजणी न करता मोटार चालू करणे जिवावर बेतू शकते.

प्रयोगशाळेतील परीक्षण

माती व पाण्यातील बेंझिन, टोल्यूइन, इथाइलबेंझिन, झायलिन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन यांचे प्रमाण प्रामुख्याने वायुवर्णलेखन पद्धतीने मोजले जाते. घटकांच्या परस्पर प्रमाणावरून तेल पेट्रोल आहे की डिझेल, याचा अंदाज येतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यास जीवाणू आधी त्याचे विघटन करतात आणि त्यात पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो. परिणामी बेंझिन अधिक काळ टिकून दूरवर पसरू शकते.

कायदे व यंत्रणा

पेट्रोलियमच्या साठवणुकीचे नियमन पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांन्वये होते. परवाने देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. राज्यातील प्रदूषण नियंत्रणाचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि भूजलाच्या सर्वेक्षणाचे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांत संशयित स्थळांची नोंद, प्राथमिक मूल्यांकन, सविस्तर सर्वेक्षण आणि शुद्धीकरण असे टप्पे घालून देण्यात आले असून शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे.