फोटोतली ती कोण?

डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून उतरून फडके रोडच्या दिशेनं चालायला लागलात, की एकदा मान वर करून पाट्या बघा. कॉम्प्युटर क्लासच्या बोर्डावर हेडफोन लावून हसणारी एक गोरी मुलगी असते. चार दुकानं पुढे दातांच्या दवाखान्यावर तशीच एक. कल्याणला गेलात, ठाण्याला गोखले रोडवर गेलात, तरी तिच्या बहिणी भेटतातच. ही बाई ना डोंबिवलीची, ना ठाण्याची. पण आपल्या रोजच्या रस्त्यावर ती आपल्या मावशी-काकूंपेक्षा जास्त वेळा दिसते!

मी घरून डिझाइनची कामं करते. क्लासची पत्रकं, दवाखान्यांची माहितीपुस्तकं, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर-कार्डं, फ्लेक्स. गिऱ्हाइकं ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरलेली आणि बरीचशी बायकाच. ‘मजकूर पाठवलाय, एखादा छानसा फोटो टाक गं’ हे वाक्य आठवड्यातून चारदा तरी कानावर पडतं. त्या ‘छानसा’ शब्दातच सगळी गोम आहे.

हे फोटो येतात कुठून? तर तयार फोटोंच्या बाजारातून. यालाच स्टॉक फोटो म्हणतात. रेडीमेड ब्लाउजसारखंच ते. कोणीतरी, कुठेतरी, कोणासाठी ते ठाऊक नसताना शिवून ठेवलेला. आपण फक्त आपल्या मापाचा शोधायचा. कल्पना तशी नवी नाही. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या आणि रविवर्मांची चित्रं मालाच्या लेबलांवर, कंपन्यांच्या कॅलेंडरांवरही आली. चित्र एकच, खालचं नाव तेवढं बदलायचं.

१९९५ मध्ये गेटी इमेजेस, २००० मध्ये आयस्टॉकफोटो, २००३ मध्ये शटरस्टॉक अशा कंपन्या आल्या आणि फोटो माउसच्या एका क्लिकवर मिळायला लागले. आपल्याकडे २००६ मध्ये इमेजेसबझार सुरू झालं, तेव्हा कुठे भारतीय चेहरे ढिगानं दिसू लागले. स्वस्ताईचा एक तोटा मात्र झाला. तोच फोटो सगळ्यांकडे! २००४ मध्ये अमेरिकेत डेल आणि गेटवे या दोन कॉम्प्युटर कंपन्यांच्या जाहिरातींत एकच मुलगी झळकली. स्पर्धक दोन, पण विद्यार्थिनी एकच. आपल्या क्लासवाल्यांनी मग काय घोडं मारलंय?

आता माझ्या कामातलं एक उदाहरण सांगते. मानपाडा रोडजवळ पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू आहेत. त्यांना पत्रक हवं होतं. मी कॉम्प्युटरवर ‘स्वयंपाक करणारी भारतीय स्त्री’ असं शोधून त्यांच्यासमोर स्क्रीन फिरवली. चकाचक ओटा, मोकळे सोडलेले केस, ओठांना लिपस्टिक, हातात रिकामं पातेलं आणि पातेल्याकडे बघून हसू! काकूंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ‘अगं, हिच्या हातची पोळी कोण खाईल? हिनं तर गॅससुद्धा पेटवलेला नाही.’

बघा, डिझाइनच्या कॉलेजात न जाता बाईंनी नेमकं बोट ठेवलं. फोटो सुंदर होता, पण खोटा होता. आणि खोटेपणा गिऱ्हाइकाला कळतो. शब्दांत सांगता आला नाही तरी कळतो. दुसऱ्या टोकाचा खोटेपणाही आहे. ‘महाराष्ट्रीय स्त्री’ असं शोधलं, की नऊवारी, नथ आणि हातात गुढीचं ताट. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत फडके रोडवर आम्ही हौसेनं नटतोच, नाही असं नाही. पण नथ घालून कोणी सकाळच्या फास्ट लोकलला लटकतं का? विमा विकणाऱ्या मराठी बाईच्या पत्रकावर ही नथवाली कशाला?

जगभरातल्या बायकांची हीच तक्रार होती. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१७ मध्ये एक लेख छापला. ‘स्त्री’ म्हणून शोधल्यावर २००७ मध्ये गेटीचा सर्वांत जास्त विकला जाणारा फोटो होता टॉवेल पांघरून पहुडलेल्या, अंगावर कपडे नसलेल्या बाईचा. दहा वर्षांनी त्या जागी आली डोंगराच्या खडकाळ वाटेवर एकटी चालणारी बाई. मधल्या काळात, २०१४ मध्ये, गेटीनं लीन-इन या संस्थेबरोबर काम करणाऱ्या, शिकणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बायकांच्या फोटोंचा वेगळा संग्रह काढला होता. फोटो निवडणाऱ्यांनी वेगळं मागितलं, की बाजारही वेगळं देतो. म्हणजे निवड ही वाटते तितकी किरकोळ गोष्ट नाही.

निवडायचा कसा?

हल्ली मोबाइलवर प्रत्येकीच पत्रक बनवते. भिशीचं असो की शिवणक्लासचं. म्हणून माझ्या रोजच्या वापरातल्या काही गोष्टी सांगते.

सगळ्यात आधी मजकुरावर हात ठेवा आणि नुसता फोटो बघा. काही कळतंय का? हेडफोनवाली मुलगी टॅलीच्या क्लासची, बँकेची की दंतवैद्याची, हे ओळखता येत नसेल तर ती फक्त जागा भरते आहे.

शोधताना ‘आनंदी स्त्री’ असं लिहू नका. काम लिहा, वस्तू लिहा. ‘कणीक मळणारे हात’, ‘शिवणयंत्रावर कापड’, ‘खिडकीशी अभ्यास करणारी मुलगी’. आणि पहिल्या पानावर थांबू नका. पहिलं पान सगळ्यांनीच उचललेलं असतं.

फोटोतल्या माणसाची नजर बघा. आपण नकळत त्याच दिशेला बघतो. ती मजकुराकडे बघत असेल तर वाचणारी मजकुराकडे जाते, कागदाच्या बाहेर बघत असेल तर बाहेर! अक्षरांसाठी शांत, मोकळी जागा फोटोतच आहे का, तेही बघा. फुलाफुलांच्या पडद्यावर लिहिलेला फोन नंबर कोणालाच वाचता येत नाही.

नजर उलट दिशेला आहे म्हणून बऱ्याचजणी फोटो आरशासारखा उलटा करतात. जपून हं! पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातो, शर्टाची बटणं दुसऱ्या बाजूला लागतात, मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी होतात. आणि गणपतीचा फोटो उलटा केलात तर डाव्या सोंडेचा बाप्पा उजव्या सोंडेचा होतो. मग आजीबाई फोन करणारच.

शेवटी मोजमाप. वर्तमानपत्रात घालून येतं तसं ए-फोर कागदाच्या अर्ध्या आकाराचं पत्रक नीट छापायचं, तर पानभर फोटो साधारण १७५० बाय २४८० पिक्सेलचा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून चार जणींकडून फिरून आलेला फोटो छापला की चेहऱ्यावर चौकटी उमटतात.

तिला विचारलंय का?

इथपर्यंत झाली नजरेची गोष्ट. पण फोटोत चेहरा असला, की तो चेहरा कोणाचा तरी असतो, हे आपण साफ विसरतो.

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका महिलेची याचिका आली. तिचं म्हणणं असं, की ओळखीच्या छायाचित्रकारानं तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉकवर टाकला. तिथून तो महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक, ओडिशा या सरकारांच्या जाहिरातींत, एका राजकीय पक्षाच्या प्रचारात आणि खासगी संस्थांकडेही पोहोचला. न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्या खंडपीठानं, आजच्या समाजमाध्यमांच्या काळात हा प्रश्न गंभीर असल्याचं नमूद केलं. प्रथमदर्शनी हा तिच्या फोटोचा व्यापारी वापर दिसतो असं म्हटलं आणि केंद्र सरकारसह संबंधितांना नोटिसा काढल्या. कल्पना करा, आपला चेहरा आपल्या नकळत चार राज्यांत फिरतो आहे!

त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत एका वयस्कर गृहस्थांचा फोटो होता. पुणे जिल्ह्यातल्या त्यांच्या घरच्यांनी तो पाहिला आणि त्यांना धक्काच बसला, कारण हे गृहस्थ सुमारे तीन वर्षांपासून बेपत्ता होते. जाहिरात करणाऱ्याला फोटोत फक्त ‘एक भाविक आजोबा’ दिसले. मुलाला बाप दिसला.

म्हणून दोन परवानग्या वेगळ्या ओळखायला शिका. पहिली, फोटो काढणाऱ्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवरचा हक्क तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे ‘गूगलवर मिळाला’ याचा अर्थ ‘फुकट आहे’ असा होत नाही. दुसरी परवानगी, फोटोतल्या माणसाची. धंद्यातले लोक तिला मॉडेल रिलीज म्हणतात. पैसे देऊन घेतलेल्या फोटोखाली ती आहे की नाही, हे लिहिलेलं असतं. ‘एडिटोरियल’ असा शिक्का असेल तर तो बातमी-लेखासाठी. जाहिरातीत वापरायचा नाही. अनस्प्लॅशसारख्या फुकट साइटवर फोटो वापरायची मुभा असते, पण त्यातल्या बाईला विचारलेलं असेलच याची हमी नसते.

आणि परवानगी असली तरी कशासाठी, हाही प्रश्न उरतो. हसरा फोटो द्यायला ती तयार झाली, म्हणून तिला वंध्यत्वाच्या किंवा मानसिक आजाराच्या पत्रकावर बसवायचं? अनेक साइट्सच्या अटींमध्येच याला मनाई असते किंवा ‘फोटोतली व्यक्ती मॉडेल आहे’ असं लिहावं लागतं. अटी कोण वाचतं म्हणा! पण ठाण्यात, कल्याणात त्या चेहऱ्यासारखी दिसणारी एखादी असतेच की.

ठाण्यातल्या एका समुपदेशन केंद्राचं पत्रक मी केलं. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी. या विषयाचे तयार फोटो सगळे एका छापाचे. कोपऱ्यात अंग चोरून बसलेली बाई, डोळ्याखाली काळं-निळं, समोर उगारलेली मूठ. तिथल्या ताई शांतपणे म्हणाल्या, ‘जिला रोज हेच सोसावं लागतं, तिला आपण पुन्हा हेच दाखवायचं? आणि हा कागद ती घरात ठेवणार कुठे?’ खरंच की. आम्ही चेहराच काढून टाकला. अर्धवट उघडं दार, आत दोन खुर्च्या, दाराशी चपलांचे दोन जोड. कोणाच्या हाती लागला तरी कागद कशाचा आहे हे चटकन कळत नाही, आणि जिला कळायचं तिला कळतं, की आत कोणीतरी बसलंय, ऐकणारं.

पोळी-भाजी केंद्राचं काय झालं? तयार फोटो बाजूला ठेवून तिथल्याच बायकांचा फोटो घ्यायचं ठरलं. चौघींपैकी तिघी लगेच पदर सारखा करून उभ्या राहिल्या. चौथी मागे सरली. ‘माझा नको. मी इथे पोळ्या लाटते हे सासरी माहीत नाही. बहिणीकडे जाते म्हणून सांगितलंय.’ तिला आग्रह करणं म्हणजे एका पत्रकासाठी तिची नोकरी घालवणं. मग फोटो निघाला तो फक्त हातांचा. आठ हात, पोळपाट, पिठानं पांढरी झालेली लाटणी, तव्यावर फुगलेली पोळी. चौघी त्यात आहेत आणि कोणीच उघडी पडलेली नाही. काकू म्हणाल्या, ‘आता वाफ दिसतेय बघ!’

आता तर एआयकडून नसलेल्या बाईचा फोटोही करून घेता येतो. परवानगीचा प्रश्न मिटला, असं एका गिऱ्हाइकानं मला आनंदानं सांगितलं. पण काकूंचा प्रश्न कुठे मिटला? जिनं कधी तवा पाहिला नाही, ती तुमच्या पोळीची जाहिरात कशी करणार?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या पत्रकासाठी फोटो शोधाल तेव्हा ‘छान दिसतोय ना?’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, हे खरं आहे का आणि हिला विचारलंय का. ओळखीच्या बाईचा फोटो घेणार असाल तर एका साध्या कागदावर मराठीतच लिहून घ्या: फोटो कोणत्या कामासाठी, कुठे छापणार, किती दिवस वापरणार, आणि नको झाला तर कोणाला सांगायचं. सही घ्यायच्या आधी तो तिला वाचून दाखवा. ‘नको’ म्हणाली तर हात आहेत, दार आहे, चपला आहेत. तेवढ्यानंही पत्रकाचं काम होतं.