नववा प्रश्न

संपादकांनी एवढंच सांगितलं होतं, की १४४१६ हा नंबर खेड्यात खरंच कुणी फिरवतं का ते बघून ये. म्हणून जाफराबाद गाठलं. पूर्णेकाठचा, जालना जिल्ह्याच्या टोकाचा हा तालुका. पलीकडं लगेच बुलडाणा लागतो. शिवारात कापूस आणि सोयाबीन. पावसानं दगा दिला, की दोन्हींचा हिशेब एकाच वहीत चुकतो.

नंबराची सरकारी कुंडली थोडक्यात सांगून टाकतो. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात ‘टेली मानस’ या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेची घोषणा झाली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सेवा सुरू झाली. सूत्रं बंगळुरूच्या निम्हान्सकडं. फोन फुकट, रात्रंदिवस चालू, वीस भाषांत. मराठी अर्थातच आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढच्या टप्प्यावर मानसोपचारतज्ज्ञ. देशभरातून आलेल्या फोनांचा आकडा वीस लाखांच्या पुढं गेलाय. कागदावर सगळं छान आहे.

पण मनानं खचलेला माणूस फोन करत नाही. त्याला फोन लावून द्यावा लागतो. हे काम करणारी आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, मला भेटली आणि मूळ विषय बाजूलाच राहिला. तिचं नाव छापायचं नाही, असं आमचं ठरलंय.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांत राज्य सरकारनं २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात आले, जालनाही आला. आशांनी घरोघर जायचं, कोण खचलंय ते हेरायचं आणि त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं. हेरायचं कसं, तर प्रश्न विचारून. ताईच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली नऊ प्रश्नांची यादी असते. पीएचक्यू-९ म्हणून ती जगभर चालते. अमेरिकेत तयार झाली, खर्च फायझर या औषध कंपनीनं केला. (हे ताईला सांगितलं तर ती नुसती हसली.) गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच विचारायचं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त सत्तावीस.

यादी सुरू होते ती कशात रस वाटतो का, इथून. ताई तिथून सुरुवात करत नाही. ती तिसरा प्रश्न आधी घेते. “मामा, झोप लागती का रात्रीची?” झोपेबद्दल बोलायला कुणाला लाज वाटत नाही. मग जेवण, मग अंगातली ताकद. सातव्या प्रश्नात पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का, असं आहे. ती विचारते, “पारावर कुणी बोलत असलं तर ध्यान लागतं का?” सहावा प्रश्न अवघड, आपल्यामुळं घरच्यांची मान खाली गेली असं वाटतं का? बऱ्याच जणांचा बांध इथंच फुटतो, असं ती सांगते. त्या वेळी ती कागद खाली ठेवते आणि गुण नंतर लिहिते.

नववा प्रश्न चहा झाल्यावर. “जीव नकोसा झाला असं येतं का मनात?” बाकी बेरीज कितीही कमी असू दे, या एका प्रश्नाला ‘कधीकधी’ एवढं उत्तर आलं तरी त्या माणसाकडं वेगळं बघायचं, असा नियम आहे. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती ताईला सुरुवातीला फार होती. डॉक्टरांनाही असते. अभ्यास उलट सांगतात. सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही. माणूस मोकळा होण्याचीच शक्यता जास्त.

उत्तर ‘हो’ आलं, की ती उठत नाही. तिथंच बसून १४४१६ लावते आणि फोन त्याच्या हातात देते. पलीकडचा माणूसही आडवळण घेत नाही. आत्ता जवळ कोण आहे, विचार किती दिवसांपासून येतोय, काही ठरवलंय का, हाताशी काही आहे का, हे विचारतो. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. मग फोन घरच्यांकडं जातो. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, भावकीत कुणाकडं तरी कुलपात ठेवा. हे फार साधं वाटतं, पण जीव द्यायची लहर बहुधा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात औषध हाताशी नसलं तर माणूस वाचतो.

घरच्यांची पहिली शंका मात्र पोलिसांची. केस होईल का? आत्महत्येचा प्रयत्न पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याची धार काढली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरलं नाही. ही बातमी वाड्या-वस्त्यांवर अजून पोचायचीय.

गावातलंच कुणी घरी आलं तर लोक मदत घेतात, याला पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. तिथं नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

आता अडचणी. २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी जीव दिला, त्यात जालना जिल्ह्यातले ७४. समुपदेशक झोप परत आणू शकतो. सोयाबीनचा भाव आणणं त्याच्या हातात नाही आणि बँकेची नोटीसही तो मागं घेऊ शकत नाही. माणूस गेल्यावर सरकार एक लाख देतं, तेही समितीनं प्रकरण ‘पात्र’ ठरवलं तर. त्या समितीला तहसीलदाराचा अहवाल लागतो, पंचनामा लागतो, कर्जाचे कागद लागतात. मेलेल्या माणसाची इतकी बारीक चौकशी करणारी यंत्रणा जिवंतपणी त्याच्या दारात एकाच बाईला पाठवते, याचा मला राग येतो.

आणि त्या बाईला सरकार कर्मचारी मानत नाही. ती स्वयंसेविका, पगार नाही, मोबदला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा घरोघरचं सर्वेक्षणही थांबलं. लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोगाचे रुग्ण, हे सगळं सांभाळून उरलेल्या वेळात नऊ प्रश्न. गोळ्या लागणार असतील तर पुढं जिल्ह्याची वाट. एक दिवसाची मजुरी बुडते, बसभाडं वेगळं, आणि बरं वाटायला लागलं की गोळ्या मध्येच सुटतात.

फोनचंही तसंच. पुष्कळ घरांत स्मार्टफोन पोराकडं असतो. त्याच्यासमोर बाप काय बोलणार? म्हणून कॉल ताईच्या मोबाईलवरून होतो आणि पुढं चौकशीचा फोनही तिच्याच नंबरवर येतो. वेचणीच्या दिवसांत ती स्वतः दुसऱ्याच्या रानात मजुरीला असते. मुकादमाला सांगून बांधावर येते, समुपदेशकाला संध्याकाळी सातनंतर परत फोन करा म्हणते आणि सातला त्या मामाच्या घरी जाऊन बसते.