स्वयंपाकघर हीच शाळा, आई हीच बाई

अमेरिकेतील कोणत्याही उपनगरात सकाळी सात-साडेसातच्या सुमारास शाळेच्या पिवळ्या बसगाड्या फिरू लागतात. कोपऱ्याकोपऱ्यावर पाठीला दप्तर लावलेली मुले उभी दिसतात. मात्र याच रस्त्यांवर अशीही काही घरे असतात, की ज्यांच्यापुढे ही बस कधीच थांबत नाही. त्या घरांत शाळेच्या वयाची मुले असतात. पण त्यांची शाळा जेवणाच्या टेबलावर भरते. धडा शिकविणे, गणिते तपासणे, मधल्या सुटीत खाऊ देणे आणि शाळा सुटल्यावर वर्ग झाडणे, ही सारी कामे तेथे एकच व्यक्ती करते. ती व्यक्ती म्हणजे मुलांची आई.

‘होमस्कूलिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेत आता नवलाची राहिलेली नाही. तेथील राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या पाहणीनुसार १९९९ साली सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २००३ साली ही संख्या ११ लाखांच्या आसपास, तर २००७ साली १५ लाखांवर गेली. मुलांना घरी शिकविण्याचे सर्वांत महत्त्वाचे कारण कोणते, या प्रश्नाला २००७ च्या पाहणीत ३६ टक्के पालकांनी ‘धार्मिक व नैतिक शिक्षण’ असे उत्तर दिले होते. या पालकांत मोठा भरणा आहे तो इव्हँजेलिकल ख्रिस्ती कुटुंबांचा. कॅथॉलिक, ज्यू आणि मुस्लिम कुटुंबेही या वाटेवर आहेत. शाळेला नकार देण्याचा निर्णय बहुधा आई-वडील मिळून घेतात. पण तो रोज निभावण्याची जबाबदारी प्रामुख्याने आईवर येते.

पहाट ते रात्र

पहिली-तिसरीच्या वयाची दोन, चार वर्षांचे एक आणि नुकते चालू लागलेले एक, अशी चार मुले असलेल्या धार्मिक घरातील आईचा दिवस मुले उठण्यापूर्वीच सुरू होतो. पहाटेची अर्धी घटका ती स्वतःच्या बायबलवाचनासाठी व प्रार्थनेसाठी राखून ठेवते. एकदा घर जागे झाले, की पुन्हा एकान्त मिळणार नाही हे तिला ठाऊक असते. न्याहारीनंतर प्रत्येकाला कामे वाटलेली असतात. मोठ्याने भांडी आवरायची, धाकटीने बिछाने नीट करायचे, चार वर्षांच्याने मोजे जोडीजोडीने लावायचे. कामाचा तक्ता शीतकपाटावर चिकटविलेला असतो. घरकाम हा शिक्षणाचाच भाग आहे, असे ही कुटुंबे मानतात. आणि मुलांनी हातभार लावल्याशिवाय हे घर चालणारही नसते.

नऊच्या सुमारास सारे टेबलाभोवती जमतात. आरंभ प्रार्थनेने आणि भक्तिगीताने होतो. मग बायबलमधील एखादी कथा आणि त्या आठवड्याचे पाठांतर. यासाठी शाळेतून वेळ काढावा लागत नाही, हेच तर घरी राहण्याचे एक कारण असते. सरकारी शाळांनी पुरस्कृत केलेली प्रार्थना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली आणि शाळेतील भक्तिपर बायबलवाचन १९६३ साली घटनाबाह्य ठरविले. धर्म आणि राज्यसंस्था यांची फारकत म्हणून अनेकांनी त्याचे स्वागत केले. पण धर्मनिष्ठ पालकांच्या एका वर्गाला सरकारी शाळा परकी वाटू लागली. उत्क्रांतिवाद आणि लैंगिक शिक्षण या विषयांनी हा दुरावा आणखी वाढविला. मुलांना घरात बसता-उठता, वाटेने जाताना ईश्वराच्या आज्ञा शिकवाव्यात, असा उपदेश बायबलच्या ‘अनुवाद’ या ग्रंथातील सहाव्या अध्यायात आहे. हे कर्तव्य शाळेवर सोपविता येत नाही, अशी या मातांची श्रद्धा असते.

त्यानंतर खरी तारेवरची कसरत सुरू होते. मोठ्याला गणित समजावून सांगायचे, धाकटीचे वाचन ऐकायचे आणि त्याच वेळी तान्हे जिन्यावर चढत नाही ना, याकडे लक्ष ठेवायचे. चाळीस मुलांच्या वर्गावर असलेल्या शिक्षिकेला निदान वर्गात रांगणारे मूल सांभाळावे लागत नाही. म्हणून अनुभवी माता काही युक्त्या करतात. लहानग्यांसाठी ठोकळ्यांची आणि चित्रांच्या पुस्तकांची एक पेटी फक्त ‘शाळे’च्या वेळेतच बाहेर काढली जाते. एकजण वाचत असताना दुसरा तान्ह्याला खेळवतो. वीस मिनिटांनी अदलाबदल होते. ज्याला शांतता लागते, असा कठीण धडा तान्ह्याच्या दुपारच्या झोपेसाठी राखून ठेवला जातो.

एका मुलाला एकट्याने शिकविताना वेळ मात्र कमी लागतो. रांगा, हजेरी, वर्ग शांत करणे यांत जाणारा वेळ वाचतो. त्यामुळे पहिली-दुसरीच्या मुलाचे पुस्तकी काम दोन-तीन तासांत आटोपते. दुपारी जेवणानंतर आई मोठ्याने वाचते आणि सारी मुले ऐकतात. मग सार्वजनिक ग्रंथालयात फेरी होते आणि तेथून पुस्तकांची पिशवी भरून आणली जाते. संध्याकाळचे जेवण सकाळीच मंदाग्नीवरच्या विजेच्या भांड्यात शिजायला लावलेले असते. आठवड्यातून एकदा आसपासची कुटुंबे चर्चच्या सभागृहात एकत्र येतात. तेथे एक आई सर्वांच्या मुलांना चित्रकला शिकविते, दुसरी विज्ञानाचे प्रयोग करून दाखविते. या सहकारी वर्गांना ‘को-ऑप’ म्हणतात. अनेक मुले आठवड्यातील एका संध्याकाळी ‘अवाना’ या ख्रिस्ती बालमंडळात जातात. तेथे वचने पाठ केल्यावर पदके मिळतात.

पुस्तके कोणती, पद्धत कोणती?

नवख्या आईला सर्वप्रथम सतावणारा प्रश्न म्हणजे शिकवायचे कशावरून. फ्लोरिडातील पेन्साकोला येथील ‘अबेका’ आणि दक्षिण कॅरोलिनातील ‘बॉब जोन्स युनिव्हर्सिटी प्रेस’ या संस्थांची पुस्तके धार्मिक घरांत वर्षानुवर्षे वापरली जातात. त्यांत व्याकरणापासून विज्ञानापर्यंत प्रत्येक विषय ख्रिस्ती दृष्टिकोनातून मांडलेला असतो. रोज काय शिकवायचे हे शिक्षिकेच्या पुस्तिकेत लिहिलेले असल्याने नवख्या आईला धीर येतो. कॅथॉलिक कुटुंबांसाठी व्हर्जिनियातील ‘सेटन’ ही संस्था घरपोच अभ्यासक्रम पुरविते. गणितासाठी ‘सॅक्सन’ची पुस्तके लोकप्रिय आहेत. थोडे नवे शिकवून जुन्याची रोज उजळणी, ही त्यांची रीत आपल्याकडील पाढ्यांच्या पाठांतराची आठवण करून देणारी आहे.

दुसरा वर्ग शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ महिलेच्या वाटेने जातो. १८४२ ते १९२३ हा त्यांचा जीवनकाळ. लहान मुलांचे धडे आखूड असावेत, रुक्ष पाठ्यपुस्तकांऐवजी जिवंत भाषेतील पुस्तके वाचावीत, मुलाने ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि रोज मोकळ्या हवेत निसर्ग पाहावा, हे त्यांचे आग्रह होते. तिसरी वाट अभिजात शिक्षणाची. बालपणी पाठांतर, मग तर्कशास्त्र आणि शेवटी वक्तृत्व, असा तिचा क्रम. जेसी वाइज आणि सुझन वाइज बावर या मायलेकींचे १९९९ मधील ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ हे पुस्तक या पंथाचा आधारग्रंथच मानले जाते.

ही चळवळ केवळ धर्मातून जन्मलेली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शाळा मुलांचे कुतूहल मारते, असे म्हणणारे जॉन होल्ट हे धार्मिक प्रचारक नव्हते. त्यांनी १९७७ साली ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. दुसरीकडे, कोवळ्या वयात मुलांना वर्गात कोंडू नये असे सांगणारे रेमंड व डोरोथी मूर हे दाम्पत्य ख्रिस्ती घरांत वाचले जाऊ लागले. १९८० च्या दशकात धार्मिक कुटुंबांची संख्या झपाट्याने वाढली आणि चळवळीचा चेहराच बदलला.

कायदा काय म्हणतो?

मुलाला कोठे शिकवायचे हे ठरविण्याचा पालकांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ साली मान्य केला. तो खटला खासगी शाळांसंबंधी होता. आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय १९७२ साली झाला. तरीही १९८० च्या दशकात अनेक राज्यांत घरी शिकविणाऱ्या पालकांवर खटले भरले जात. त्यांना कायदेशीर मदत देण्यासाठी १९८३ मध्ये ‘होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन’ स्थापन झाली. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत ही पद्धत कायदेशीर ठरली.

नियम मात्र राज्याराज्यांत वेगळे आहेत. टेक्सासमध्ये घरी शिकविण्यास सुरुवात करताना सरकारला कळवावे लागत नाही आणि परीक्षाही नसते. न्यूयॉर्कमध्ये शिक्षणाचा आराखडा, तिमाही अहवाल आणि वार्षिक मूल्यमापन आवश्यक असते. पेनसिल्व्हेनियात मुलाच्या कामाची वही-चोपडी जपून ठेवावी लागते आणि वर्षअखेरीस ती जाणकाराला दाखवावी लागते. बहुतेक राज्यांत आईकडे अध्यापनाची पदवी असण्याची अट नाही. जर्मनीत हीच गोष्ट सामान्यतः बेकायदा असून, धार्मिक कारणासाठी सवलत मागणाऱ्या जर्मन पालकांची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ साली फेटाळली होती.

भारतात शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात घरी शिकविण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. पुण्या-मुंबईतील काही मोजकी कुटुंबे मुलांना घरी शिकवितात. पुढे परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा किंवा १७ क्रमांकाचा अर्ज भरून दहावीला बसण्याचा मार्ग त्यांना उपलब्ध असतो.

‘मित्र कसे मिळणार?’

मंगळवारी सकाळी अकरा वाजता चार मुलांना घेऊन दुकानात गेलेल्या आईला गल्ल्यावरचा माणूस हमखास विचारतो, ‘आज शाळा नाही वाटते?’ पाठोपाठ मुले इतरांत मिसळणार कशी, हा प्रश्न येतो. को-ऑप, चर्च, ग्रंथालय, संगीताचा वर्ग अशी यादी तिच्याकडे तयार असते. काही राज्यांत घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या क्रीडासंघातही खेळता येते. गुणवत्तेबाबत शंका घेणाऱ्यांना ती राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेकडे बोट दाखविते. १९९७ साली घरी शिकलेल्या मुलीने ही स्पर्धा प्रथमच जिंकली, तर २००० सालचा विजेता जॉर्ज अब्राहम थॅम्पी हा भारतीय वंशाचा मुलगाही घरीच शिकलेला होता.

मात्र एका विजेत्यावरून साऱ्यांची पारख होत नाही. घरी शिकणारी मुले सरस असल्याचे सांगणाऱ्या अनेक पाहण्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कुटुंबांवर बेतलेल्या असतात; ज्यांचे बिनसले ती कुटुंबे त्यात सहसा येत नाहीत. शाळा ही शिकविण्याची जागा आहे, तशीच मुलावरचा वळ कोणाच्या तरी दृष्टीस पडण्याचीही जागा आहे. कॅलिफोर्नियात २०१८ साली एका दाम्पत्याने आपल्या मुलांना वर्षानुवर्षे घरात डांबून उपाशी ठेवल्याचे उघडकीस आले. त्या घराची सरकारदरबारी खासगी शाळा म्हणून नोंद होती. देखरेख वाढविण्याचा प्रस्ताव त्यानंतर राज्यात पुढे आला. पण शेकडो पालकांच्या विरोधामुळे तो बारगळला. घरी शिकून मोठ्या झालेल्या काहींनीच २०१३ साली संघटना उभारून किमान देखरेखीची मागणी लावून धरली आहे. दुसरीकडे, काही मोजक्या नराधमांमुळे लाखो आयांना संशयित ठरविणे अन्याय्य आहे, असे पालकांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य असल्यानेच हा वाद मिटत नाही.

आईला रजा नाही

या साऱ्यात आईचे काय होते, हे मात्र फारसे बोलले जात नाही. घर एका पगारावर चालते. त्यामुळे जुनी पुस्तके विकत घेणे, कपडे एकाचे दुसऱ्याला घालणे ओघानेच येते. तिला आजारपणाची रजा नसते. तिच्या जागी येणारी बदली शिक्षिकाही नसते. मूल आठव्या वर्षीही अडखळत वाचू लागले, तर दोष पद्धतीचा, पुस्तकाचा की आपला, हे तिला सांगणारे कोणी नसते. वाचनदोष असेल, तर तो ओळखायला उशीर होण्याची भीती असते. हे काम ईश्वराने आपल्यावर सोपविले आहे, ही श्रद्धा तिला बळ देते. पण तीच श्रद्धा कधी कधी ‘मी थकले’ असे म्हणू देत नाही. फेब्रुवारीतला थंडीचा महिना सर्वांत अवघड, असे अनेकजणी सांगतात. अशा वेळी जाणत्या स्त्रिया सल्ला देतात तो साधाच असतो. आठवडाभर पुस्तके मिटा, मुलांना वाचून दाखवा आणि कोणाला तरी मदत मागा. काहीजणी शेवटी मुलांना शाळेत घालतात आणि त्याचा अपराधभाव बराच काळ बाळगतात.

२०२० च्या वसंतात करोनाने शाळा बंद केल्या, तेव्हा कोट्यवधी आयांच्या स्वयंपाकघरात अचानक वर्ग भरले. अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहणीत घरी शिकविणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण त्या वर्षी काही महिन्यांतच ५.४ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेले. कृष्णवर्णीय कुटुंबांत तर ते ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर पोहोचले. साथ ओसरल्यावर बरीच मुले शाळेत परतली. पण एका टेबलावर तीन इयत्ता आणि मांडीवर तान्हे मूल घेऊन शिकविणे म्हणजे काय, हे तेव्हा मराठी घरांतल्या आयांनाही थोडेफार कळले. त्यांना ते काही महिने करावे लागले. श्रद्धेपोटी ही वाट धरणारी आई ते पंधरा-वीस वर्षे करते. आणि तिच्या निकालपत्रावर गुण पडायला तितकाच काळ जावा लागतो.