झाकण सैल का बसते?

वाराणसीची यात्रा करून परतणारे महाराष्ट्रातील यात्रेकरू गंगाजलाने भरलेला तांब्याचा गडू बरोबर आणीत. गडूच्या तोंडावर झाकण ठेवून त्याचा सांधा डाख देऊन बंद केलेला असे. असे गडू अनेक देवघरांत अजूनही आढळतात. वर्षानुवर्षांनंतर गडू हलविला असता पाणी खुळखुळले, तर सांधा शाबूत आहे असे समजावे. त्यात सुईच्या अग्राएवढे छिद्र असते, तर पाण्याची केव्हाच वाफ होऊन गेली असती. आतील वस्तू टिकते ती झाकणाच्या भरवशावर, हा धडा हा गडू देतो.

कारागीर एकेका गडूकडे लक्ष पुरवू शकतो. शीतपेयाच्या कारखान्यात मात्र मिनिटाला शेकडो बाटल्या बंद होतात, आणि हे काम यंत्राकडे असते. काचेच्या बाटलीवरील पत्र्याचे दातेरी बूच आपल्या परिचयाचे आहे. अमेरिकेतील विल्यम पेंटर यांनी १८९२ साली त्याचे पेटंट मिळविले. आजच्या बुचाला सामान्यतः २१ दाते असतात व आतून मऊ अस्तर असते. यंत्राचे शीर्ष बुचावर उतरले की त्यातील निमुळते कडे हे दाते बाटलीच्या तोंडावरील कंगोऱ्याखाली वळविते आणि अस्तर काचेवर घट्ट दाबले जाते. नीट बसलेल्या बुचाचा बाहेरील व्यास सुमारे २८.६ ते २८.८ मिलिमीटर भरतो.

व्यास याहून अधिक भरला, तर दाते पुरते वळलेले नाहीत असे समजावे. अशा बाटलीतील वायू हळूहळू निसटतो व पेय बेचव होते. दाब प्रमाणाबाहेर गेला, तर काचेची कड टवकते आणि तिची कपची पेयात पडू शकते. ते पेय पिणारे एखादे लहान मूलही असेल! म्हणून बूच सैल दिसताच दाब वाढविणे हा उपाय नव्हे. आधी कारण शोधले पाहिजे.

कारण शोधण्यासाठी मोजणीची साधी युक्ती उपयोगी पडते. समजा, गोल फिरणाऱ्या यंत्राला आठ शीर्षे आहेत. ओळीने येणाऱ्या बाटल्यांना क्रमांक देऊन प्रत्येक बूच मापावे. सर्वच बुचे सैल असतील, तर दोष सर्वांना समान अशा गोष्टीत असतो. उदाहरणार्थ, आधीच्या उंच बाटलीसाठी लावलेली यंत्राची उंची तशीच राहिली असेल. तिसरी, अकरावी, एकोणिसावी अशा आठाच्या अंतराने बाटल्या सदोष निघाल्या, तर एकच शीर्ष बिघडलेले आहे; त्याची स्प्रिंग ढिली पडली असेल किंवा कडे झिजले असेल. सदोष बाटल्यांत कोणताच क्रम आढळला नाही, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी बाटल्या व बुचे तपासावीत. बाटल्यांची उंची कमीजास्त असते, कंगोरा टवकलेला असतो, बुचाचे अस्तर निघालेले असते.

बूच एका बाजूला कलले, तर बाटली शीर्षाच्या बरोबर मध्याखाली येत नाही, हे उघड आहे. बाटल्यांना जागेवर आणणारे खाचांचे चाक तेव्हा पाहावे. काही बाटल्या बुचाविनाच पुढे जात असतील, तर बुचे उतरविणाऱ्या पन्हळीत एखादे वाकडे बूच अडकले असण्याचा संभव असतो.

दुरुस्तीपूर्वी यंत्र थांबवून वीज तोडावी. बाटली फुटली असल्यास काचेचे तुकडे पूर्ण काढावेत व आसपासच्या बाटल्याही बाद कराव्यात. नंतर एका वेळी एकच बदल करून पुन्हा मापावे. दोन बदल एकदम केले, तर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि तो परत आला म्हणजे शोध पहिल्यापासून करावा लागतो.

दोष बुचावर दिसतो, परंतु त्याचे मूळ अन्यत्र असते. ते दाखविण्यास पुष्कळदा एक माप आणि आठपर्यंतची मोजणी पुरेशी होते.