कोरडवाहू शेतातील औषधी वृक्ष : वाढ कशी मोजावी?

औषधी लागवडीचा विचार बहुधा शतावरी, अश्वगंधा, गुळवेल यांपाशीच थांबतो. परंतु बिल्व, श्योनाक, पाटला, गंभारी इत्यादी बृहत्पंचमुळातील द्रव्ये मुख्यत्वे वृक्षच आहेत. मूळ खणताना बहुधा वृक्षच जातो. म्हणून शेताच्या बांधावर कोणता वृक्ष टिकेल, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच वैद्यांचा व औषधनिर्मात्यांचाही आहे.

देशविचार आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात जांगल देशाचे वर्णन करताना खदिर, शल्लकी, बदरी, आमलकी, शमी यांचा उल्लेख येतो. सोलापूर, बीड, अहिल्यानगर या अवर्षणप्रवण पट्ट्यात हीच यादी आजही मार्गदर्शक ठरते.

आवळा : चैत्राच्या सुमारास फलधारणा होते, परंतु बालफळ उन्हाळाभर सुप्त राहून पावसाळ्यात वाढू लागते. पाणी नसते त्या काळात झाडाची गरजही अल्प असते. हलक्या, मुरमाड जमिनीत आधी गावठी रोप जागेवर लावून त्याचे सोटमूळ खोल जाऊ द्यावे व नंतर तेथेच डोळा भरावा, ही पद्धत कोरडवाहूस अधिक उपयुक्त होय.

शमी : राजस्थानातील खेजडीच्या छायेत बाजरी घेण्याची परंपरा आहे. मूळ खोल असल्याने पिकाशी ओलाव्यासाठी स्पर्धा कमी होते आणि जमिनीस नत्रही मिळते.

निंब : काटक खरा, परंतु पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत तो खुरटतो. त्याची दाट सावली पिकास बाधते, म्हणून छाटणी आवश्यक असते.

अर्जुन : हा मूळचा ओढ्याकाठचा वृक्ष. उघड्या माळावर लावून 'अर्जुन येत नाही' म्हणणे न्याय्य नव्हे. त्याची जागा नाल्याकाठी वा शेततळ्याच्या कडेला.

मूल्यमापनात केवळ उंची मोजणे पुरेसे नाही. पहिल्या पावसाळ्यातील वाढ अनेकदा फसवी असते. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर शंभरांपैकी किती रोपे जिवंत आहेत, खोडाचा घेर किती, झाडापासून कोणत्या अंतरापर्यंत पिकाचे उत्पन्न घटते, याची नोंद हवी. त्यास आम्ही चौथा निकष जोडू इच्छितो : औषधी अंग काढल्यावर वृक्ष जगतो का? आवळ्याचे फळ, निंबाचे पान दरवर्षी घेता येते. अर्जुनाची साल मात्र परिपक्व खोडाच्या एकाच बाजूने, उभ्या पट्ट्यांत, आतील थर न दुखावता काढावी. खोडाभोवती पूर्ण वलय सोलल्यास मुळांकडे जाणारे अन्न तुटून वृक्ष मरतो.

बिल्वाचे कच्चे फळ वर्षानुवर्षे मिळते. दरवर्षी थोडी नवी रोपे लावत गेल्यास पुढे जुने वृक्ष क्रमाने काढून मूळही मिळेल. पण एवढा काळ थांबण्यास शेतकऱ्याला खात्रीचा ग्राहक हवा.

औषधनिर्मात्यांनी कोणते अंग, कोणत्या ऋतूत, किती परिपक्व व अंदाजे किती प्रमाणात लागेल, हे परिसरातील शेतकऱ्यांस लागवडीपूर्वीच लेखी कळवावे, अशी आमची विनंती आहे. येत्या पावसाळ्याची रोपे तयार होण्यापूर्वीच ही बोलणी व्हावयास हवीत.