गोष्ट दिग्दर्शकाची की खेळणाऱ्याची?

चित्रपटात दृश्य किती वेळ चालावे आणि कॅमेरा कुठे असावा, हे दिग्दर्शक ठरवतो. व्हिडिओ गेममध्ये मात्र नायकाचे पाय खेळणाऱ्याच्या ताब्यात असतात. प्रसंग ऐन रंगात आला असताना तो पाठ फिरवून भलतीकडे निघून जाऊ शकतो.

१९८३ च्या ‘ड्रॅगन्स लेअर’ने हे स्वातंत्र्य जवळपास काढूनच घेतले. लेझरडिस्कवरचे डॉन ब्लूथ यांचे ॲनिमेशन पडद्यावर सरके आणि खेळणाऱ्याने ठरल्या क्षणी ठरलेली कळ दाबायची, एवढेच त्याचे काम. पुढे कट-सीन रूढ झाले: खेळ थांबवून चित्रपट दाखवायचा. हिदेओ कोजिमा यांच्या ‘मेटल गिअर सॉलिड ४’मध्ये (२००८) ही दृश्ये इतकी लांबतात की कंट्रोलर बराच वेळ नुसताच हातात राहतो.

‘हाफ-लाइफ’ने (१९९८) शोधलेला मार्ग सर्वांत दूरगामी ठरला. सगळा खेळ नायक गॉर्डन फ्रीमनच्याच डोळ्यांनी दिसतो. सुरुवातीला ट्रॅम ‘ब्लॅक मेसा’ प्रयोगशाळेतून जाते, तेव्हाही डब्यात फिरता येते, हव्या त्या खिडकीतून पाहता येते. शास्त्रज्ञ बोलत असताना खोलीभर भटकले तरी चालते. वाट खरे तर एकच असते. पण ती आपणच शोधल्यासारखी वाटते, आणि हे कसब फार मोठे आहे. त्याची किंमत म्हणजे गॉर्डन कधी बोलतच नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’मध्ये (२०२०) निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादावर सोपवले, त्यामुळे नायिका राजी धावत असतानाही कथा पुढे सरकते.

गोष्ट आणि खेळ परस्परविरोधी बोलू लागले की घोटाळा होतो. गेम-डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’वर नेमका हाच आक्षेप घेतला. खेळाचे नियम स्वार्थ साधायची मोकळीक देतात, कथा मात्र दुसऱ्याला मदत करायलाच लावते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये (२०१८) गोष्ट आणि खेळ यांच्यातली फट आणखी ठळक दिसते. मिशनबाहेर माळरान, शिकार, वाटसरू सगळे मोकळे; मिशनमध्ये ठरलेल्या वाटेवरून जरा ढळले की ते फसते.

बंधनातूनही अर्थ निघतो. ‘द लास्ट ऑफ अस’च्या (२०१३) शेवटी एली या मुलीला वाचवण्यासाठी नायक जोएलने शल्यविशारदाला मारल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. पर्याय नसतो, तरी वार खेळणाऱ्यालाच करावा लागतो, आणि म्हणून तो छळत राहतो. हेच कट-सीनमध्ये दाखवले असते, तर प्रसंग अर्ध्याने हलका झाला असता.

याउलट ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) पहिले पठार ओलांडताच थेट शेवटच्या शत्रूवर चाल करता येते. पूर्वकथा आठवणींच्या रूपाने विखुरलेली आहे. त्या कोणत्याही क्रमाने सापडोत. पण त्यामुळे मुख्य नाट्य भूतकाळातच घडून गेलेले असते. ‘बाल्डर्स गेट ३’ने (२०२३) वर्तमानातच फाटे फोडले आणि प्रत्येक फाट्यासाठी नटांकडून संवाद वदवून घेतले. त्यातली कितीतरी दृश्ये एकाच खेळात कोणालाही दिसत नाहीत.